चार तासांचा झेंडा

खांद्यावर हात पडला तेव्हा तो पाठीला झेंडा बांधत होता. झेंडा म्हणजे एक लवचीक काठी आणि तिच्या टोकाला पिवळं फडकं, त्यावर ठळक अक्षरांत 'चार तास'. बेचाळीस किलोमीटर चार तासांत संपवायचे ज्यांच्या मनात असेल त्यांनी या फडक्यामागे लागावं, मनगटाकडे बघू नये, पेसर, म्हणजे ठरलेला वेग धरून पुढे धावणारा, नेईल तसं जावं. पेसरने जिंकायचं नसतं आणि मागेही पडायचं नसतं. पहिला किलोमीटर पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत, विसावा पाच एक्केचाळीसमध्ये आणि चाळिसावाही तसाच. हे काम तो इतकं चोख करायचा की धावणाऱ्यांनी त्याचं नावच घड्याळ पाडलं होतं. घरी वहिनीसुद्धा कधीमधी दार उघडताना म्हणायची, आलं का आमचं घड्याळ.

"तुम्हीच ना ते घड्याळ?" हात ठेवणारा म्हणाला. "आज मी तुमच्या भरवशावर. तुम्ही न्याल तसा येणार."

त्याने वळून पाहिलं आणि काठीची गाठ बोटांतून सुटली. लाँड्रीतला साहेब. केस पांढरे झाले होते, पोट आत गेलं होतं, अंगात कंपनीचं नाव छापलेला बनियन होता आणि मनगटावर भाकरीएवढं घड्याळ. पण हात तोच होता. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्याच्या आवारात याच हाताने आईच्या खांद्यावर असंच थोपटलं होतं. आई बाकावर बसली होती, वहिनी भिंतीला टेकून उभी होती, आणि हा दादाचे बूट हातात धरून उभा होता. साहेब म्हणाला होता, "कुणाची चूक नसते हो अशा वेळी. शरीर एकेकाचं असतं." मग तो गाडीत बसून गेला. बूट धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे त्याने तेव्हाही पाहिलं नव्हतं, मग आज ओळखायचा प्रश्नच नव्हता. "या की साहेब," घड्याळ म्हणालं, आणि गाठ पुन्हा बांधली. तोंडाने अहो-जाहो, मनात अरे-तुरे. ही सवय लाँड्रीतच लागली होती आणि तिथून निघताना त्याने बरोबर आणलेली ती एकच गोष्ट.

शर्यत सुटायला सव्वा तास उशीर झाला. पाहुणे उशिरा आले, आल्यावर बोलले, बोलून झाल्यावर पुन्हा थोडं बोलले. ही धाव भाजलेल्यांच्या वॉर्डासाठी होती. वॉर्डाला जास्तीच्या खाटा हव्या होत्या, गार हवेची यंत्रं हवी होती, म्हणून एवढी माणसं उन्हात उभी करून आधी चांगली भाजून घेत होते. वारा सुटला होता तोही तापलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची धूळ उठून दातांत कचकचत होती. आयोजकांपैकी एक जण सगळ्या पेसरांना बाजूला घेऊन म्हणाला, "आज झेंडे पंधरा मिनिटं उशिरा आले तरी चालतील. वीस आले तरी चालतील. माणसं आपल्या पायांवर आली पाहिजेत." सगळ्यांनी माना हलवल्या. यानेही हलवली. हलवताना त्याच्या डोक्यात एक हिशेब आपोआप मांडला जात होता. पंचावन्नच्या पुढचा माणूस, इतकं ऊन, समोरून वारा. याला पाच एक्केचाळीसऐवजी पाच वीसने नेलं तर कितव्या किलोमीटरला काय होईल. उत्तर तिसाव्याच्या आसपास येत होतं. कसं कोण जाणे, पोटात अगदी गार वाटलं.

चित्रकलेच्या बाई त्याच्या डाव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याच शाळेत तो मैदान सांभाळायचा, चुन्याच्या रेषा आखायचा, खड्डे बुजवायचा. दहा महिने बाई शाळा सुटल्यावर त्या रेषांवरून त्याच्यामागे धावल्या होत्या. आधी एक फेरी मारून बसायच्या, नंतर चार, नंतर मोजणं सोडलं. त्यांच्या बहिणीची मुलगी त्या वॉर्डात चार महिने पाठीवर पडून होती. तिला छताशिवाय काही दिसत नाही म्हणून बाईंनी छताला उंट, बदकं, एक चष्मा लावलेला बैल, असं काय काय रंगवून चिकटवलं होतं. बाई मनगटावर घड्याळ बांधत नसत. "बांधलं की त्याच्याकडेच बघत बसते," त्या म्हणायच्या. "तुम्ही आहात की, भाऊ." आजही त्या तेच म्हणाल्या, आणि टोपी घट्ट केली.

पहिले बारा किलोमीटर त्याने प्रामाणिकपणे काढले. म्हणजे पायांनी काढले. मन केव्हाच लाँड्रीत जाऊन पोचलं होतं. दवाखान्यांच्या चादरी यायच्या तिथे, ट्रकच्या ट्रक. एका खोलीत धुणं, दुसरीत वाळवणीचे ड्रम, तिसरीत घड्या आणि गठ्ठे. दादा ड्रमवर, हा घड्यांवर. मधल्या भिंतीत हातभर खिडकी होती. दादा गरम चादर तिच्यातून सरकवायचा, हा ओढून घ्यायचा. दिवसभर दादाचा चेहरा दिसत नसे, नुसते हात दिसत, कोपरापर्यंत लाल. कधी हात चादरीबरोबर चिमटा काढून जात, कधी अंगठा दाखवत. दोघा भावांचं निम्मं बोलणं त्या खिडकीतून व्हायचं, तेही हातांनीच. अशाच उन्हाच्या दिवसांत वाळवणीच्या खोलीतला पंखा बंद पडला. तीन दिवस बंद होता. तिसऱ्या दिवशी दादा दोनदा दारापर्यंत आला, असं त्याच्या जोडीच्या कामगाराने नंतर सांगितलं. दोन्ही वेळा साहेब दारात उभा होता. दोन्ही वेळा म्हणाला, "अजून दहाच मिनिटं. एवढा लॉट निघू दे." दादा मुळात गरीब स्वभावाचा, त्याला वर मान करून बोलणं जमायचं नाही. तो परत आत गेला. डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं ते याच्या कानात अजून जसंच्या तसं होतं: आधी घाम येतो, मग घाम थांबतो, मग भर उष्णतेत अंगावर काटा येतो, थंडी वाजते, माणूस भलतंच बोलायला लागतो, आणि मग फार वेळ उरत नाही. चौकशी झाली. कागदावर 'प्रकृती मुळात नाजूक' असं आलं. जो माणूस दोन-दोन ओले गठ्ठे खांद्यावर घेऊन जिने चढायचा त्याची प्रकृती मेल्यावर नाजूक झाली. महिनाभराने वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला त्या माणसाकडून काही नको, भावोजी. माझं चुकलं, एवढं एकदा तोंडाने म्हणाला असता ना, तर मला झोप लागली असती."

बाराव्या किलोमीटरच्या पाटीशी त्याने पाऊल थोडं लांबवलं. बाकी काही नाही, चार बोटं. झेंड्यामागे बारा-तेरा जण होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. घड्याळ पुढे जातंय असं कुणाच्या मनात येईल? साहेब उजव्या हाताला होता, श्वास दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर, शिकवल्यासारखा. "मस्त लय लागली," तो म्हणाला. घड्याळाने मान डोलावली आणि मनात म्हटलं, लागू दे, लागू दे. सूड म्हणजे काहीतरी आरडाओरडा, चाकू-सुरी, दात-ओठ खाणं असतं असं त्याला वाटायचं. हे तर हातात चुन्याची पिशवी घेऊन मैदानावरच्या दोरीलगत चालण्याइतकं शांत होतं. प्रत्येक किलोमीटरला वीस सेकंद. वीस सेकंदांत काय होतं? एक चादर घडी होते. एक एक चादर तो साहेबाच्या अंगावर टाकत चालला होता, गरम, वाफाळलेली, आणि साहेब खुशीत अंगावर घेत होता.

एकविसाव्याला साहेबाने मनगट वर केलं. "अहो, आपण जरा जोरात नाही का? माझं घड्याळ पाच अठरा म्हणतंय."

"पुढे चढ आहे साहेब. आत्ता थोडं कमावून ठेवलं की तिथे पुरतं."

साहेबाने क्षणभर विचार केला. मागून बाईंचा आवाज आला, धापा टाकत पण हसरा, "त्यांचं ऐका हो. घड्याळ ते आहेत, तुमच्या हातातलं नव्हे." साहेब हसला आणि हात खाली सोडला. बाईंनी आपल्या बाजूने साक्ष दिली याचं याला त्या वेळी बरंच वाटलं. आयतं ताट वाढून पुढे यावं तसं सगळं जमून येत होतं. वारा आता बाजूने मारत होता, डाव्या कानात धूळ भरत होती, डांबर बुटांच्या तळांना चिकटून सुटताना चर्रकन आवाज करत होतं. मागच्या तेरांपैकी पाच जण गळाले होते. त्याने त्यांचं मनाला लावून घेतलं नाही. ज्याला झेपत नाही तो थांबतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आई म्हणायची. पण थांबायला कुणी कुणाला मनाई केली होती? इथे काय दारात कुणी उभं नव्हतं.

पंचविसाव्याच्या पुढे त्याने साहेबाकडे बघायला सुरुवात केली, लाँड्रीत ड्रमच्या काट्याकडे बघायचे तसं, दर मिनिटाला. मानेवर घाम होता. कपाळावर होता. कानामागे होता. घाम आटायला पाहिजे होता. दादाचा आटला तेव्हा कुणी बघितलं नाही, याचा मी बघणार, पावलापावलाला बघणार, आणि हा 'थांबू या' म्हणाला की सांगणार. काय सांगणार हे त्याने नऊ वर्षं घोटून ठेवलं होतं. मैदानावर रेषा आखताना, दात घासताना, चहाचं पातेलं उतू जाईपर्यंत त्याच्यासमोर उभा राहून. पण आता नेमकं ते सोडून भलतंच आठवत होतं. त्या दिवशी खिडकीतून चादरी यायच्या मंदावल्या होत्या. इकडे गठ्ठे बांधणारे खोळंबले. त्याने खिडकीच्या लाकडावर थाप मारली होती. "दादा, झोपलास काय? सोड की लवकर." मग चार चादरी भराभर आल्या, एकावर एक, नीट न धरता ढकललेल्या. पाचवी अर्धी आली आणि तिथेच लोंबत राहिली. ती त्यानेच ओढली, रागाने, आणि पलीकडे धरणारं कोणी नव्हतं म्हणून ती एकदम सैल हातात आली. हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. वहिनीला तर नाहीच. त्याने मान झटकली आणि पाऊल आणखी दोन बोटं लांबवलं.

"भाऊ," बाई म्हणाल्या. एकोणतिसावा किलोमीटर असावा. "जरा हळू घेता?"

"अजून दहाच मिनिटं बाई," तो मान न वळवता म्हणाला. "पाण्याचं टेबल येऊ दे."

बाई पुन्हा झेंड्यामागे लागल्या. त्याला ते बरं वाटलं, कारण साहेबाचा श्वास बिघडला होता आणि तो ऐकायला शांतता हवी होती. दोन पावलं आत, दोन बाहेर, हे केव्हाच मोडलं होतं; आता नुसती फरफट होती. चेहरा वीट. ओठांच्या कडेला पांढरा थर. आता, घड्याळ मनात म्हणालं, आता. पुढे एकतिसाव्याचं टेबल दिसत होतं, निळा मंडप, बर्फाच्या पेट्या, उभी केलेली रुग्णवाहिका. मंडपाच्या पलीकडे चढ सुरू होत होता. चढावर हा पडणार. आपण थांबायचं, वाकायचं, आणि कानात सांगायचं.

साहेब मंडपाशी आला आणि थांबला. अगदी सहज, बस थांब्यावर उतरल्यासारखा. "बस," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही. शर्यतीपायी जीव द्यायचाय का काय? तुम्ही व्हा पुढे." सावलीतली खुर्ची त्याने ओढली, बसला, गार पाण्याचा पेला डोक्यावर उपडा केला, दुसरा प्यायला, आणि आआ करून सुखाचा सुस्कारा सोडला. घड्याळ चार पावलं पुढे जाऊन बघत राहिलं. एवढं सोपं. याला थांबता येत होतं. उन्हात किती वेळ राहायचं, केव्हा सावलीत यायचं, हे या माणसाला अगदी नीट कळत होतं, फक्त स्वतःपुरतं. इतका राग त्याला नऊ वर्षांत आला नव्हता. वळावं, खुर्ची उलथून टाकावी, कॉलर धरून याला चढावर न्यावं. तो वळला.

वळला तेव्हा त्याला बाई दिसल्या. त्या टेबलावर थांबल्या नव्हत्या, झेंडा थांबला नव्हता म्हणून. डोळे झेंड्यावर होते. हात वेडेवाकडे हलत होते, पायांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. दंड कोरडे ठणठणीत होते आणि त्यावर काटा उभा होता, एवढ्या उन्हात, पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातड्यासारखा. "बदकाला पाय दोनच काढलेत," बाई म्हणाल्या, अगदी गंभीरपणे, "आणखी काढायला हवेत," आणि पुढे झेपावल्यासारख्या खाली आल्या. त्याने त्यांना अर्धवट धरलं. त्यांचं अंग हाताला लागलं आणि ते ओळखीचं लागलं. नुकतीच ड्रममधून काढलेली चादर इतकीच गरम असते. आणि तेव्हा, मघाशी आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. बोलताना ऐकू आलं नव्हतं. अजून दहाच मिनिटं. ते येऊ दे, हे निघू दे. आवाजसुद्धा तोच, न वळता बोलणाऱ्याचा.

मग बरीच धावपळ झाली. डॉक्टर मुलगी वयाने लहान होती पण तिच्या आवाजात गडबड नव्हती. बाईंना मंडपात नेलं, बूट कापून काढले, काखेत, मानेशी, जांघेत बर्फाच्या पिशव्या लावल्या, पांढऱ्या चादरी बर्फाच्या पाण्यात बुडवून अंगभर गुंडाळल्या. चादरींच्या कडेला निळी पट्टी होती आणि कोपऱ्यात लाँड्रीचा शिक्का. तो शिक्का वरच्या बाजूला येईल अशा बेताने त्याने हजारो वेळा घडी घातली होती. तोही चादरी भिजवायला लागला. पिळायच्या, द्यायच्या, गरम झालेली परत घ्यायची. दुसऱ्या बाजूने कुणीतरी भिजवलेली चादर पुढे करत होतं. त्याने नजर वर न करता दोन-तीन घेतल्या आणि मग ते हात पाहिले. साहेब होता.

"किती वेगाने धावत होत्या?" डॉक्टर मुलीने विचारलं. "सुरुवातीपासून चार तासांच्याच वेगाने? मला नीट सांगा. किती वेळ किती ताण पडलाय ते कळलं पाहिजे."

तो उत्तर देणार, एवढ्यात साहेब बोलला. त्याने याच्या खांद्यावर ओला हात ठेवला होता. "अहो, यांना कशाला विचारता, हे आधीच घाबरलेत. झेंडा बरोबरच होता, मी होतो ना बरोबर. ऊनच तसलं आहे." आणि याच्याकडे वळून, खालच्या आवाजात, खरंच मायेने, "मनाला लावून घेऊ नका. कुणाची चूक नसते हो अशा वेळी. शरीर एकेकाचं असतं."

साहेबाच्या हातात ते भाकरीएवढं घड्याळ होतं. त्यात सगळं नोंदलेलं होतं, एकेक किलोमीटर. त्याला माहीत होतं. माहीत असून तो साक्ष देत होता, उंदराला मांजर साक्ष, आणि बदल्यात काही मागत नव्हता. फुकट देत होता. नुसती मान हलवली की झालं. उद्या कागदावर येईल, ऊन फार होतं, बाईंची प्रकृती मुळात नाजूक. दवाखान्याच्या आवारातून बाहेर पडायची ही वाट इतकी सोपी आणि रुंद असते हे त्याला माहीत नव्हतं. दोघं शेजारी शेजारी चालत जाऊ शकले असते तिच्यावरून.

"बारा किलोमीटरपासून पाच वीसने," तो डॉक्टर मुलीला म्हणाला. "पंचविसाच्या पुढे पाच दहा. हळू न्या सांगितलं होतं. मी मुद्दाम जोरात नेलं. बाई एकोणतिसाव्याला हळू घ्या म्हणाल्या, तेव्हाही मी थांबलो नाही."

डॉक्टर मुलीने एकदाच वर पाहिलं, मग लिहून घेतलं आणि आणखी बर्फ मागितला. साहेबाचा हात खांद्यावरून निघाला. "मुद्दाम म्हणजे?" तो म्हणाला. "कशासाठी?"

"तुमच्यासाठी. वाळवणीच्या खोलीत माणूस गेला होता तुमच्या. पंखा बंद होता. मी त्याचा धाकटा."

साहेबाच्या चेहऱ्यावर ओळख हळूहळू उमटली. चादरीतून बाईंचा हात बाहेर आला होता, बोटं काहीतरी शोधत होती. त्याने ती धरली. आता ती मघासारखी भाजत नव्हती. बाईंनी डोळे उघडले, बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीभ जड झाल्यासारखं विचारलं, "भाऊ, वेळेत आहोत ना आपण?"

"नाही बाई," तो म्हणाला. "माझं चुकलं."

बाईंना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर मुलगी म्हणाली ताप उतरतोय, पण अजून काही सांगता येत नाही, आता न्यायला हवं. स्ट्रेचर उचललं. बरोबर कुणी येणार का, असं कुणीतरी विचारलं आणि तो पुढे झाला. पिवळा झेंडा अजून पाठीला होता, तो रुग्णवाहिकेच्या दारात अडकला. त्याने गाठ सोडून तो खाली ठेवला. मग साहेबाकडे वळला. साहेब हातात पिळलेली चादर घेऊन तसाच उभा होता आणि त्याच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं.

"पाहिलंत ना साहेब?" तो म्हणाला. "माझं चुकलं म्हणायला तीन सेकंद लागतात. मी उभा आहे."

त्याला मोजण्यासाठी घड्याळ लागत नव्हतं. पाच झाले. दहा झाले. साहेबाचे ओठ एकदा हलले, मग मिटले. वीस. तिसाला साहेबाने सवयीने मनगट वर केलं, घड्याळात पाहिलं, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात झटकन चादरीखाली घेतला. एवढा वेळ त्याच्या तोंडाकडे असं रोखून बघत आजवर कुणी उभं राहिलं नसावं. चाळिसाला ड्रायव्हरने हाक मारली आणि हा आत चढला.

दार लागल्यावर आत बर्फाचा आणि लाँड्रीच्या साबणाचा वास कोंडला. नऊ वर्षं हवं होतं ते आज त्याला मिळालं होतं, साहेब मुका झाला होता. बाईंच्या छातीवरची चादर खाली-वर होत होती. तो एकेक मोजत राहिला. मोजताना हात आपोआप चादरीच्या कडेकडे गेला, निळी पट्टी सरळ करायला, आणि मधेच थांबला. संध्याकाळी वहिनी दार उघडेल, म्हणेल आलं का आमचं घड्याळ. खिडकीवर मारलेल्या त्या थापेचं तिला अजून काही माहीत नव्हतं. तेही तीनच सेकंदांचं काम होतं.